फाउंडेशन एक शेड गडद आणि नारिंगी पडतंय – घरी शेड दुरुस्त करता येईल का?

गव्हाळ_छटा

लिक्विड फाउंडेशन, ३० मिलीची बाटली, ऑनलाइन मागवलेली. सील उघडल्यामुळे परत जाणार नाही. शेड मानेपेक्षा साधारण एक ते दीड नंबर गडद आहे आणि लावल्यावर अर्ध्या तासात नारिंगी दिसायला लागते. त्वचा गव्हाळ, अंडरटोन (त्वचेची मूळ झाक) पिवळ्याकडे झुकणारा, किंचित हिरवट. कपाळ आणि नाक तेलकट. घटकांच्या यादीत पाण्यानंतर लगेच सायक्लोपेंटासिलॉक्सेन आणि डायमेथिकोन (दोन्ही सिलिकॉन) आहे.

दोन उपाय करून झाले. पाच भाग फाउंडेशनमध्ये एक भाग पांढरे मिक्सिंग ड्रॉप्स (शेड बदलायला मिसळायचा दाट रंग) घातले, तर रंग उजळला पण चेहरा राखाडी दिसतो. जेल मॉइश्चरायझर घातलं तर मिश्रण हातावरच फाटलं, बारीक दाणे झाले.

तर नक्की काय मिसळायचं, किती, आणि कुठल्या क्रमाने? वापर घरच्या लग्नात करायचा आहे, हळद लग्नाच्या आदल्या दिवशी आहे.

रंगद्रव्य

पांढरं बाजूला ठेवा. तुमचा खरा अडथळा गडदपणा नाही, नारिंगी झाक आहे. आधी झाक मोडायची, उजळपणाचं नंतर बघायचं. क्रम उलटा केला की राखाडीच होणार.

कारण सांगते. बहुतेक फाउंडेशनचा रंग चारच पिगमेंट्समधून (रंग देणाऱ्या बारीक कणांतून) येतो: टायटॅनियम डायऑक्साइड (पांढरा), आणि आयर्न ऑक्साइडचे तीन रंग – पिवळा, लाल, काळा. बाटलीवर हे आकड्यांत लिहिलेलं असतं. सी. आय. (कलर इंडेक्स, म्हणजे रंगाचा क्रमांक) ७७८९१ पांढरा, ७७४९२ पिवळा, ७७४९१ लाल, ७७४९९ काळा. कुठलीही शेड म्हणजे या चौघांचं प्रमाण. तुमच्या बाटलीत तुमच्या त्वचेच्या मानाने लाल जास्त आहे. त्यात पांढरा ओतला की पिवळा आणि लाल दोन्ही पातळ होतात, रंगातला जिवंतपणा जातो. शिवाय टायटॅनियमचा पातळ थर गडद पार्श्वभूमीवर निळसर दिसतो, चुलीचा धूर काळ्या भिंतीपुढे निळसर दिसतो तसा. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर तीच राख फासल्यासारखी झाक. फार गोऱ्या त्वचेवर पांढरे ड्रॉप्स चालून जातात, आपल्याकडच्या बहुतेक त्वचांवर नाही.

रंगचक्रात नारिंगीच्या समोरचा रंग निळा, आणि समोरासमोरचे रंग एकमेकांची झाक मोडतात. म्हणून निळे मिक्सिंग ड्रॉप्स घ्या. यात बहुधा अल्ट्रामरीन असतं, सी. आय. ७७००७. हे अतिशय जोरकस असतं, आणि इथेच बहुतेकांचं बिघडतं: थेंब थेट फाउंडेशनमध्ये टाकतात आणि सगळं शेवाळी करून बसतात. थेंबाने मोजूच नका, जाड द्रवाचा थेंब दर वेळी वेगळा पडतो. मेडिकलमधून १ मिलीच्या दोन-तीन सिरिंज आणा, सुई नको. त्यावर ०.१ मिलीच्या आणि त्यांच्यामध्ये आणखी बारीक खुणा असतात.

आता पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत आधी "पातळ निळा" तयार करा: ०.९ मिली तुमचंच फाउंडेशन आणि ०.१ मिली निळे ड्रॉप्स. लहान चमच्याच्या पाठीने बशीवर दाबून दाबून एकजीव करा, नुसतं ढवळलं तर निळ्या रेघा राहतात आणि त्या गालावर उमटतात. एक मिनिट तरी घोटा. या मिश्रणाच्या ०.१ मिलीमध्ये निळा फक्त ०.०१ मिली आहे, म्हणजे आता तुमच्या हातात ताबा आला.

चेहरा आणि मान मिळून साधारण ०.८ मिली लागतं. पहिला प्रयोग ०.७ मिली फाउंडेशन + ०.१ मिली पातळ निळा. दुसरा ०.६ + ०.२. तिसरा ०.५ + ०.३. तिन्ही बशीत शेजारी शेजारी ठेवा, मग जबड्याच्या हाडाखाली तीन उभे पट्टे ओढा, अर्धे गालावर अर्धे मानेवर. जो पट्टा नारिंगीही वाटत नाही आणि हिरवाही वाटत नाही तो धरा. निळ्याने रंग थोडा गडद होतो, घाबरू नका, ते अपेक्षित आहे.

उजळपणासाठी त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतली दोन नंबर उजळ, पिवळ्या अंडरटोनची शेड घ्या. लहान ट्यूब किंवा सॅम्पल मिळालं तर उत्तम. निळा घातलेलं मिश्रण आणि उजळ शेड ३:१, २:१ आणि १:१ अशा प्रमाणात पुन्हा जबड्यावर पट्टे. एक नंबर उतरायला बहुधा २:१ पुरतं. उजळ शेडमध्ये पांढऱ्याबरोबर पिवळा-लालही योग्य प्रमाणात असतो, म्हणून राख चढत नाही.

सिलिकॉन_बेस

वरचं बरोबर आहे. मिश्रण फाटलं त्याबद्दल थोडं.

"यादीत पाणी पहिलं आहे म्हणजे वॉटर बेस्ड" हा समज चुकीचा आहे. टिकाऊ लिक्विड फाउंडेशन बहुतेक वेळा सिलिकॉनमध्ये पाण्याचे बारीक थेंब अडकवलेलं इमल्शन असतं. पाणी वजनाने जास्त असलं तरी बाहेरचा भाग सिलिकॉनचा असतो. तुमचं जेल याच्या उलट: बाहेर पाणी, आत बाकीचं. दोन्हींचे इमल्सिफायर (पाणी आणि तेल-सिलिकॉन एकत्र धरून ठेवणारे घटक) एकमेकांना मोडतात, आणि जेलला घट्ट ठेवणारा कार्बोमर गोळा होतो. हेच तुमचे दाणे.

यादी वाचण्यापेक्षा साधी परीक्षा करा. वाटीभर पाण्यात फाउंडेशनचा मटाराएवढा ठिपका टाकून काडीने हलकं हलवा. पाणी लगेच दुधाळ झालं तर बाहेर पाणी आहे. ठिपका गोळी होऊन तसाच तरंगला किंवा तळाशी बसला तर बाहेर सिलिकॉन किंवा तेल. निळ्या ड्रॉप्सचीही हीच परीक्षा घ्या. दोघं सारखे वागले तरच एकत्र करा. मग दोघांचा समान ठिपका बशीत घोटून १० मिनिटं सोडा. कडेला पारदर्शक पाणी सुटलं, दाणे आले किंवा रंगाचा माग वेगळा पडला तर जोडी जमत नाही. चेहऱ्यावर नेऊन बघण्याची गरज नाही.

आणि मॉइश्चरायझरने शेड बदलत नाही. झाकण्याची ताकद कमी होते, खालची त्वचा दिसू लागते, म्हणून गडदपणा कमी भासतो. रोज ऑफिसला जाताना तेवढं पुरेसं असतं, पण टिकाऊपणा देणारी रेझिनची पातळ फिल्म नीट बनत नाही. दिवसभराच्या लग्नात, घामात, ते उतरणारच.

फाउंडेशनवर एसपीएफ लिहिलेलं असेल तर मिसळल्यावर तो आकडा धरू नका. तसाही तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावल्यावरचा असतो, इतकं फाउंडेशन कोणी लावत नाही. सनस्क्रीन खाली वेगळं लावा, १५ मिनिटं बसू द्या.

चाफेकळी_२

अर्ध्या तासाने नारिंगी होतं, याकडे दोघांनी लक्ष दिलं नाही. निळा घालण्याआधी ते नक्की का होतं हे तपासा, नाहीतर ओल्या रंगावर माप घ्याल आणि फसाल.

याला सगळे "ऑक्सिडाइज झालं" म्हणतात, म्हणजे हवेतला ऑक्सिजन लागून गंजल्यासारखं बदललं. पण लाल आणि पिवळा आयर्न ऑक्साइड मुळातच पूर्ण ऑक्सिडाइज झालेले असतात, चेहऱ्यावर आणखी गंजायला त्यात काही उरलेलं नसतं. घडतं ते वेगळं. एक, पाणी आणि उडून जाणारं सिलिकॉन सुकतं आणि पिगमेंट दाटतं. दोन, त्वचेचं तेल पिगमेंटच्या कणांभोवती भरतं आणि रंग खोल दिसतो. कोकणातली लाल माती बघा, तिचा रंगही आयर्न ऑक्साइडचाच. मे महिन्यात फिकट, पहिल्या सरीनंतर एकदम गडद. मातीत नवं काही आलेलं नसतं, फक्त कणांमधल्या हवेच्या जागी पाणी आलं.

तपासणी अशी: एक पातळ पट्टा बशीवर, एक कपाळावर, एक जबड्याखाली. ३० मिनिटांनी प्रत्येकाशेजारी ताजा ठिपका लावून तुलना करा. बशीवरचाही गडद झाला असेल तर तो सुकण्याचा फरक आहे, तो कायम राहणार, मिश्रण तेवढं उजळ धरूनच बनवा. बशीवरचा तसाच आणि कपाळावरचा नारिंगी झाला असेल तर दोष तेलाचा. मग मॉइश्चरायझरनंतर १० मिनिटं थांबा, टिश्यूने कपाळ-नाक टिपा, मॅट प्रायमर (फाउंडेशनखाली लावायचा, चमक कमी करणारा थर) फक्त तेवढ्याच भागावर, फाउंडेशनचा थर पातळ आणि वर सुकी पावडर दाबून. चोळून नाही. एवढ्यानेच बरीच झाक कमी होते आणि निळाही कमी लागतो.

म्हणजे रंगद्रव्य यांनी सांगितलेल्या पट्ट्यांचा निकाल लावल्या लावल्या नाही, ३० मिनिटांनी लावायचा.

दुसरं, उजेड. दिवसा, खिडकीजवळ, अंगावर थेट ऊन नको. पिवळ्या एलईडीखाली नारिंगी झाक लपते आणि तुम्ही "जमलं" म्हणून उठता. ट्यूबलाइटखाली उलट जास्त हिरवट दिसतं. आणि गळ्याभोवती पांढरा पंचा किंवा ओढणी घ्या. पिवळी किंवा हिरवी साडी, ब्लाउज अंगावर असेल तर त्याचा रंग हनुवटीखाली परावर्तित होतो.

तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, कारण घरात हळद आहे. शेड जुळवण्याचं काम हळदीच्या आधी उरका. हळद उटण्यासारखी चोळली की तिचा पिवळेपणा त्वचेवर एक-दोन दिवस राहतो, आणि तो सारखा बसत नाही, जबड्याखाली आणि कानामागे जास्त धरतो. त्या मानेवर माप घेऊन केलेलं मिश्रण चार दिवसांनी पिवळं दिसेल. प्रमाण आधी लिहून ठेवा. लग्नाच्या सकाळी मान अजून पिवळी असेल तर चेहऱ्यासाठीचं मिश्रण बदलू नका, तेच मानेवर आणि गळ्यावर पातळ उतरवा. पाठ खोल असलेला ब्लाउज असेल तर पाठीसाठीही १ मिली वेगळं धरा.

गव्हाळ_छटा

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. निकाल लिहिते.

पाण्याची परीक्षा: फाउंडेशन आणि निळे ड्रॉप्स दोन्ही गोळी होऊन राहिले, म्हणजे जोडी जमते. १० मिनिटांनी फाटलंही नाही. बशीवरचा पट्टा जवळपास बदलला नाही, कपाळावरचा बदलला, म्हणजे तेल. पट्ट्यांमध्ये ३० मिनिटांनी ०.६ + ०.२ बरोबर वाटला, तिसरा हिरवट.

पण त्यात उजळ शेड २:१ प्रमाणात घातल्यावर नंबर बरोबर आला आणि रंग मातकट-हिरवा झाला. निळा वाढवलेला नसताना हिरवं कसं आलं? आता लाल घालू का? घरात लाल मॅट लिपस्टिक आहे.

रंगद्रव्य

लिपस्टिक नको. त्यात मेण आणि तेल आहे, सिलिकॉनच्या इमल्शनमध्ये ती बारीक गुठळ्या होऊन राहील. शिवाय हिरवं मारायला लाल, लाल मारायला निळा, असं करत गेलात तर प्रत्येक फेरीत रंग मळत जातो. जास्त झालेला रंग समोरच्या रंगाने ओढायचा नाही, ज्याने सुरुवात केली त्या मूळ फाउंडेशनने पातळ करायचा.

हिरवं येण्याचं कारण टायटॅनियमच आहे. अल्ट्रामरीन गडद मिश्रणात दबून असतं. उजळ शेडबरोबर पांढरा वाढला की तेच निळं वर येतं, आणि खाली पिवळा आहेच, म्हणजे हिरवं. घराला रंग देताना निळा स्टेनर डब्यात जवळपास काळा दिसतो आणि पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये एक थेंब पडला की आकाशी होतो, तसं. हे पहिल्या उत्तरातच सांगायला हवं होतं: पट्ट्यावर जेवढा निळा बरोबर वाटेल त्याच्या साधारण पाऊणपटच घ्या, उजळ शेड मिसळा आणि मग उरलेला लागला तर वाढवा.

तुमच्यासाठी: ०.६५ मिली फाउंडेशन + ०.१५ मिली पातळ निळा, एकजीव. त्यातलं ०.५ मिली + ०.२५ मिली उजळ शेड. पट्टा, ३० मिनिटं. अजून हिरवट असेल तर पातळ निळा ०.१ वर आणा. तुमचा अंडरटोन थोडा हिरवट आहेच, तेव्हा अगदी गुलाबी-पिवळं होईपर्यंत ओढू नका, मानेशी जुळलं की थांबा. आत्ताचं बिघडलेलं मिश्रण टाकू नका. त्यात तेवढंच ताजं, निळा न घातलेलं फाउंडेशन आणि त्याच्या निम्मी उजळ शेड घातली तर निळा आधीच्या साधारण ४० टक्क्यांवर येईल.

पेरूची_फोड

याच धाग्यावर विचारते. निळे ड्रॉप्स आमच्या गावात मिळत नाहीत. इंटरनेटवर कोको पावडर, हळद, दालचिनी घालून शेड बदलायचे व्हिडिओ आहेत. ते चालतं का? मुलतानी माती किंवा गेरू?

सिलिकॉन_बेस

यातलं एकही नको, आणि हे कळकळीने सांगतोय.

कोकोचे कण विरघळत नाहीत, ओल धरून फुगतात. चेहऱ्यावर तपकिरी ठिपके दिसतात आणि बाटलीत घातलं तर बुरशीला खाद्य मिळतं. फाउंडेशनमधलं प्रिझर्वेटिव्ह बाहेरून आलेल्या एवढ्या अन्नपदार्थासाठी मोजलेलं नसतं. हळदीचा रंग उन्हात उडतो आणि साबणाचा अल्कली लागला की लाल होतो, म्हणजे सकाळची शेड दुपारी तीच राहणार नाही. दालचिनी नाजूक त्वचेवर जळजळ आणि ॲलर्जी करते. मुलतानी माती फाउंडेशनमधलं तेल-पाणी शोषून थर तडकवते.

गेरूचा विचार तर्काला धरून आहे, कारण गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइडच. पण तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू जमिनीतून काढलेला असतो, त्यात शिसं आणि आर्सेनिकसारखे जड धातू असू शकतात. म्हणूनच सौंदर्यप्रसाधनांतलं आयर्न ऑक्साइड कारखान्यात तयार केलेलं, शुद्धता तपासलेलं असतं. चेहऱ्यावर कुठले रंग चालतात याची यादी आपल्याकडे भारतीय मानक ४७०७ च्या पहिल्या भागात आहे. रांगोळीचे रंग, पोस्टर कलर, साबण बनवायचा मायका (अभ्रकाची चमकदार पूड) यांना तो नियम लागू नाही. कुंकू-शेंदूरही नको, शेंदूर मुळात शिशाचं ऑक्साइड असतो.

ड्रॉप्स नसतील तर दोन पर्याय. पिवळ्या झाकेची लूज पावडर फाउंडेशनवर दाबून लावा, अर्ध्या नंबरापर्यंत फरक पडतो आणि नारिंगी दबते. किंवा त्याच मालिकेतली उजळ, ऑलिव्ह (हिरवट झाकेची) म्हणून विकली जाणारी शेड आणून नुसती तीच १:१ मिसळा. निळ्याइतका अचूक परिणाम नाही, पण बिघडण्याची भीतीही नाही. निळी मॅट आयशॅडो खरवडून घालू नका, तिच्यात टाल्क जास्त असतं, मिश्रण कोरडं पडतं आणि कण घोटले जात नाहीत.

चाफेकळी_२

लग्नाचे फोटो फ्लॅशने निघणार असतील तर तिथेही पांढऱ्या ड्रॉप्सचा त्रास आहे. टायटॅनियम जास्त झालं की फ्लॅशचा प्रकाश परत फिरतो, चेहरा मानेपेक्षा दोन नंबर पांढरा येतो. शुद्ध सिलिकाची एचडी पावडर जाड थापली तरी तेच. आदल्या आठवड्यात पूर्ण मेकअप करून अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढा, त्यात चेहरा, मान आणि छाती तिन्ही दिसू द्या.

गव्हाळ_छटा

०.१५ ने जमलं. खिडकीत आणि फ्लॅशमध्ये, दोन्हीकडे जबड्याची रेघ दिसत नाही. आता सरळ ३० मिलीच्या बाटलीतच निळा आणि उजळ शेड घालून ठेवू का? रोज मोजायचा त्रास वाचेल.

रंगद्रव्य

बाटलीत नको. उन्हाळ्यात त्वचा रापते, पावसाळा संपेपर्यंत पुन्हा उतरते. आज जुळलेली बाटली मार्चमध्ये फिकी पडेल आणि मागे फिरता येणार नाही. पंप काढून मिसळताना हवा आणि जंतूही आत जातात.

लग्नापुरतं १० मिली करून ठेवा. तुमच्याच प्रमाणाने: मूळ फाउंडेशन ५.४ मिली, पातळ निळा १.२५ मिली, उजळ शेड ३.३५ मिली. पातळ निळ्यासाठी आधीसारखंच ०.९ + ०.१, पण दुप्पट करा, उरलेला टाकून द्या. मोजायला ५ मिलीची सिरिंज. पंपाची छोटी बाटली साबणाने धुऊन, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने आतून खंगाळून पूर्ण सुकवा. पाण्याचा थेंब राहिला तर इमल्शन सैल पडतं. मिश्रण बशीतच घोटून मग भरा, बाटलीत हलवून एकजीव होत नाही. गरम करू नका, पातळ करायला गुलाबपाणी घालू नका. वर चिठ्ठीवर तारीख आणि तिन्ही आकडे लिहा. दोन महिन्यांत संपवा. त्याआधी वास बदलला किंवा वर तेलाचा थर आला आणि हलवूनही मिसळला नाही, तर फेकून द्या.